‘घ’चा ‘ग’

पुण्यात रिक्षावाल्याला ‘आघारकर’ असं सांगितलं की मीटर टाकता टाकता तो आपली चूक सुधारतो, “आगरकर रोड ना?” आणि पंचाईत अशी की तो चुकत नाही. आघारकर संशोधन संस्था आहेच मुळी गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर. ‘ध’चा ‘मा’ होऊन एका पेशव्याचा जीव गेला म्हणतात; इथे ‘घ’चा ‘ग’ होऊन एका वनस्पतिशास्त्रज्ञाची ओळख रोज थोडी थोडी पुसली जाते. माझी एक विद्यार्थिनी तिथे प्रकल्पासाठी जाणार होती, तेव्हा तिच्या आजोबांनी मला कॉलेजच्या फाटकाशी गाठून मोठ्या कौतुकानं विचारलं होतं, “म्हणजे आगरकरांना झाडांचंही वेड होतं का हो?” सुधारककार आगरकर १८९५ साली, चाळिशी गाठायच्या आत गेले. देवाधर्माशी भांडण्यातून त्या माणसाला झाडं बघायला सवड कुठली मिळणार! पण आजोबांचा उत्साह मोडवेना. मी म्हटलं, हे वेगळे आघारकर, शंकर पुरुषोत्तम, मालवणचे. आजोबा म्हणाले, “असं होय,” आणि त्यांचा चेहरा उतरला.

मी एम.एस्सी. करत होते तेव्हा हा घोटाळा नव्हता. ऐंशीच्या दशकात त्या संस्थेला सगळे ‘मॅक्स’च म्हणायचे. महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स एवढं लांबलचक नाव म्हणणार कोण? एखादी वनस्पती ओळखता आली नाही की वर्तमानपत्रात दाबून वाळवलेला तो नमुना पुठ्ठ्यात घालायचा आणि ‘मॅक्सला ताडून बघू’ म्हणत सायकलनं निघायचं. तिथल्या हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, लोखंडी कपाटातून येणारा डांबरगोळ्यांचा वास अजून कुणाच्या ट्रंकेतल्या शालूला आला तरी माझं मन तिकडे जातं. १९९२ साली संस्थेला संस्थापकाचं नाव दिलं गेलं. बत्तीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव पाटीवर आलं आणि त्याच दिवसापासून लोक ते चुकीचं वाचायला लागले.

आघारकरांच्या आयुष्याकडे मी जितकं बघत गेले तितकं मला वाटत गेलं, की हे काही १९९२ नंतरचं नवल नव्हे. या माणसाचं काम पहिल्यापासूनच दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर जमा होत आलं आहे.

सुरुवात एका जेलीफिशपासून होते. वनस्पतिशास्त्रज्ञाची गोष्ट जेलीफिशपासून सुरू व्हावी हे विचित्र वाटेल, पण तेव्हा शिक्षणाची वाटणी आजच्यासारखी काटेकोर नव्हती. आघारकर जन्मले १८ नोव्हेंबर १८८४ ला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून निसर्गविज्ञान घेऊन १९०९ साली एम.ए. झाले आणि तिथेच शिकवू लागले. निसर्गविज्ञान म्हणजे झाड, किडा, बेडूक सगळं एका पंगतीत. सुट्टी लागली की सह्याद्रीत जायचं आणि समोर येईल ते बघायचं. नुकताच, १९०८ साली, मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा थिओडोर कुक यांचा ग्रंथ पुरा झाला होता. आम्ही आजही त्याला नुसतं ‘कुक’ म्हणतो, ‘कुकात बघ’, ‘कुकात नाही सापडत’. (हे कुकसाहेब मूळचे इंजिनिअर, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे प्राचार्य. आमच्या शास्त्राचा पाया इंजिनिअरनं घातला आहे हे मी इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगत असे.)

तर १९११ साली सातारा जिल्ह्यात, कोयना, वेण्णा या कृष्णेच्या उपनद्यांच्या पाण्यात आघारकरांना नाण्याएवढा एक पारदर्शक जीव पोहताना दिसला. छत्रीसारखा फुगायचा, मिटायचा, वर सरकायचा. मालवणच्या पोराला जेलीफिश काही नवा नव्हता. किनाऱ्यावर भरतीनं टाकलेले कितीतरी पाहिले असतील. पण हे गोडं पाणी, समुद्र दोन घाट उतरून गेल्यावर पलीकडे. गोड्या पाण्यातल्या जेलीफिशचा हा लिम्नोक्निडा वंश तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होता. टांगानिका सरोवरात तो सापडला तेव्हा, हे सरोवर कधीकाळी समुद्राला जोडलेलं असणार, असा तर्क काही विद्वानांनी लढवला होता. आता साताऱ्याच्या डोहाचं काय करायचं?

नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेल्सन ॲनन्डेल यांच्याकडे गेले. ॲनन्डेल मोठा माणूस. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था पुढे १९१६ मध्ये त्यांनीच उभी केली. त्यांनी या जीवाचं रीतसर वर्णन केलं आणि नाव ठेवलं लिम्नोक्निडा इंडिका. शास्त्रीय नावापुढे वर्णन करणाऱ्याचं आडनाव लागतं, म्हणून ते कायमचं झालं ‘लिम्नोक्निडा इंडिका ॲनन्डेल’. यात कुणी कुणाचं काही लुबाडलं नाही. रीतच तशी आहे. पाण्यात गुडघाभर उभं राहून ज्यानं पाहिलं त्याचं नाव मजकुरात येतं, ज्यानं टेबलाशी बसून लिहिलं त्याचं नाव शीर्षकात. आघारकरांनी पुढे म्युझियममधल्या ग्रेव्हलींच्या साथीनं त्याच्या सवयींवर आणि वसतिस्थानांवर लिहिलं, स्वतंत्रही लिहिलं. पण जेलीफिश ॲनन्डेलांचाच राहिला.

कलकत्त्याशी धागा जुळला होता. तिथे आशुतोष मुखर्जी नावाचा वाघ विद्यापीठाला नुसतं परीक्षा घेणारं कचेरीवजा प्रकरण न ठेवता शिकवणारं, शोध घेणारं विद्यापीठ करायला निघाला होता. पैसा उभा राहिला तो दोन वकिलांकडून. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष. घोषांनी १९१३ साली दहा लाख रुपये दिले, त्यातून चार अध्यासनं निघाली: उपयोजित गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि वनस्पतिशास्त्र. अट एवढीच, की या जागांवर भारतीयच बसले पाहिजेत. वनस्पतिशास्त्राच्या खुर्चीसाठी निवड झाली एकोणतीस वर्षांच्या मराठी माणसाची. आज एखाद्या विद्यापीठात बाहेरच्या प्रांतातला तिशीच्या आतला माणूस प्राध्यापक नेमला तर काय काय होईल, याची मी कल्पना करते आणि सोडून देते.

खुर्ची मिळाली, पण आधी परदेशी जाऊन शिकून या, असं ठरलं. पदार्थविज्ञानाचे देबेंद्रमोहन बोसही निघाले. दोघं जर्मनीला गेले. साल होतं १९१४.

पुढचं सांगायला नकोच. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. ब्रिटिश साम्राज्याची प्रजा म्हणजे जर्मनीच्या लेखी शत्रूची माणसं, मग त्या माणसांचं साम्राज्याविषयीचं मत काहीही असो. दोघंही अडकले. आघारकरांना स्थानबद्ध करून ठेवलं गेलं. दोनतीन वर्षांत परतायचं म्हणून गेलेला माणूस युद्ध संपेपर्यंत तिथेच राहिला. १९१६-१७ च्या हिवाळ्यात बर्लिनकरांना बटाटाही मिळेना. गुरांना घालायच्या सलगमासारख्या कंदावर शहरानं दिवस काढले. या सगळ्यातून १९१९ साली आघारकरांनी बर्लिन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, आणि मार्गदर्शक होते ॲडॉल्फ एंग्लर. आमच्या शास्त्रात हे नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो. जगातल्या यच्चयावत वनस्पतींची कुळवार मांडणी करायला घेतलेला हा माणूस, डालेममधल्या बर्लिनच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख. तेव्हा वय सत्तरीच्या पुढे.

प्रबंधाचा विषय मला फार आवडतो. वायव्य भारतातल्या रुक्ष, अर्धरुक्ष आणि खाऱ्या जमिनीतल्या वनस्पती पसरतात कशा आणि मुळात आल्या कुठून. म्हणजे सिंध, राजपुताना, पंजाबचा वाळवंटी पट्टा. आणि अभ्यास करणारा बर्लिनमध्ये अडकलेला.

बी कसं प्रवास करतं हे आपल्याकडे पुस्तकाआधी अंगाला कळतं. रुईची म्हातारी उडत आली की ती पकडून, फुंकर मारून परत सोडायची हा खेळ कोण खेळलं नाही? सराटा सायकलच्या टायरमधून सावजी पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंत जातो. त्याच्या प्रत्येक फळाचे काटे असे बसवलेले असतात की कसंही पडलं तरी एक टोक वर राहतंच. आणि कुसळी गवत! माळावरून चालून आलं की साडीच्या काठात, मोज्यात कुसळं. वर्गात मी एक कुसळ काचपट्टीवर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकायची. त्याची पिळलेली शेपटी हळूहळू उलगडायला लागायची आणि ते टोकदार बी स्वतःभोवती फिरायला लागायचं. सुकलं की उलटं. दिवसा-रात्रीच्या दमट-कोरड्या हवेवर फिरत फिरत ते स्वतःला जमिनीत पेरून घेतं. मागच्या बाकावरची पोरंही उठून पुढे यायची. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत, शंभर टक्के चालला असा प्रयोग हाच.

एंग्लरांच्या संग्रहालयाचं पुढे काय झालं, तेही इथेच सांगते. १९४३ च्या मार्च महिन्याच्या पहिल्या रात्री दोस्तांच्या विमानांनी बर्लिनवर बॉम्ब टाकले आणि डालेमचं हर्बेरियम जळालं. लाखो वाळलेले कागद, त्याला आग लागायला कितीसा वेळ लागणार. ज्या एकुलत्या नमुन्यांवरून शेकडो वनस्पतींना नावं दिली गेली होती ते नमुनेच गेले. आघारकर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे, कलकत्त्यात. तिथे त्याच वर्षी लोक रस्त्यावर भुकेनं मरत होते, त्यामुळे बर्लिनच्या कागदांसाठी हळहळायला कुणाला फुरसत असेल, नसेल.

युद्धानंतर ते परतले आणि खुर्चीवर बसले ते १९४६ पर्यंत. पाव शतकाहून जास्त. आणि इथे माझ्यासारखीला लिहायला अवघड जातं, कारण या काळात ‘काय घडलं’ असं विचारलं तर फारसं काही घडलं नाही. जेलीफिश नाही, युद्ध नाही. त्याच विद्यापीठात, त्याच वर्षांत, सी. व्ही. रामन पालित प्राध्यापक होते. रामन यांच्या वाट्याला रामन परिणाम आला. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या वाट्याला काय येतं? विभाग उभा करणं, सूक्ष्मदर्शक मागवणं, कपाटं मागवणं, पावसाळ्यात बुरशीपासून नमुने वाचवणं, अभ्यासक्रम, परीक्षा, मुलांना घेऊन रानात जाणं, परत आणणं. दर वर्षी नवी मुलं, तीच पानं, तीच फुलं, तोच ‘पुंकेसर किती?’ हा प्रश्न.

एक काम मात्र मला ठसठशीत दिसतं. जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतलं हे देखण्या जांभळ्या फुलांचं झाड बंगालमध्ये शिरलं आणि पाहता पाहता नद्या, खाड्या, भातखाचरं झाकून गेली. होड्या चालेनात, भात बुडालं, डास वाढले. १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोसांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. १९३६ मध्ये जलपर्णीविरोधी कायदाच झाला, आणि पुढल्या वर्षीच्या निवडणुकीत सगळ्याच पक्षांनी जलपर्णी काढून देण्याचं आश्वासन दिलं. पाण्यातल्या तणानं निवडणूक लढवावी असा मान दुसऱ्या कुठल्या वनस्पतीला मिळाल्याचं मला माहीत नाही.

या धामधुमीत १९३० साली आघारकरांनी बॅनर्जी या सहकाऱ्याबरोबर एक निबंध लिहिला. प्रश्न साधा: जलपर्णीला बी धरतं का, आणि कसं? तिला धुमारे फुटून एकाची दहा होतात हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं, त्यामुळे बियांकडे बघतं कोण. पण फुलून झाल्यावर तिचा दांडा वाकतो आणि फळ पाण्याखाली पिकतं. बी गाळात जाऊन बसतं, वर्षानुवर्षं बसून राहतं आणि पाणी ओसरलं की उगवतं. म्हणजे वरचा सगळा हिरवा गालिचा ओढून काढलात, तरी खाली पुढची पिढी झोपलेली आहेच. बर्लिनमध्ये वाळवंटातल्या बियांचा माग काढणारा माणूस बंगालच्या चिखलातही बीच शोधत होता. पुण्यात दर उन्हाळ्यात मुळा-मुठेतून, पवनेतून यंत्रं लावून जलपर्णी काढतात, ट्रक भरतात, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मी पुलावरून जाताना दर वेळी तो निबंध आठवते आणि दर वेळी गाडीतल्या माणसाला ऐकवते. आता मला कुणी खिडकीकडे बसवत नाही.

१९४६ ला ते निवृत्त झाले. वय बासष्टच्या घरात. एवढ्या वणवणीनंतर मालवणात माडाखाली आरामखुर्ची टाकून बसला असता माणूस, तर कुणी काही म्हटलं नसतं. त्याऐवजी पुण्यात येऊन त्याच वर्षी त्यांनी संस्था काढली. नाव ठेवलं ते कलकत्त्यातल्या, १८७६ साली महेंद्रलाल सरकार यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या वळणावर. तिथे ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’, इथे ‘इंडियन’च्या जागी ‘महाराष्ट्र’. मराठीत विज्ञानवर्धिनी. कल्टिव्हेशन हा शब्द मला पक्का वनस्पतीवाल्याला शोभणारा वाटतो. विज्ञान ‘करायचं’ नाही, ‘लावायचं’. पुणे विद्यापीठ अजून निघायचं होतं, ते १९४९ चं. १९६० च्या सप्टेंबरात जाईपर्यंत आघारकर या संस्थेचे संचालक होते.

त्यांच्यानंतर तिथे जे उगवलं ते आपल्या ताटात आहे, पण तेही बिननावाचं. नीरा नदीकाठच्या होळ गावी संस्थेची शेती आहे. तिथून गव्हाची, सोयाबीनची वाणं निघाली. वाणांच्या नावाआधी ‘एमएसीएस’ आणि पुढे आकडा. बियाण्याच्या दुकानात शेतकरी विचारतात, “एमएसीएस आलंय का?” त्या चार अक्षरांत माणूस शोधायला जाईल कोण? आणि दुसरं म्हणजे देवराया. संस्थेतल्या वा. द. वर्तकांनी माधव गाडगीळांबरोबर सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या. काळूबाईच्या, वाघजाईच्या भीतीनं कुऱ्हाड न लागलेली ती रानं त्यांनी नोंदली, त्यातलं झाड न् झाड लिहून काढलं. आज ‘देवराई’ हा शब्द शहरातल्या सोसायटीच्या पाटीवरही सापडतो. तो रानातून शास्त्राच्या कागदावर आणण्याचं मोठं काम या दोघांचं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत दर वर्षी एक तक्ता भरावा लागायचा. किती शोधनिबंध, किती परिषदा, कशाला किती गुण. मी दर वर्षी त्यात कमी पडायची. ‘कुसळ फिरवून दाखवलं’ याला रकाना नव्हता. एकदा वैतागून मी आघारकरांचे गुण मांडायला बसले. शोध: जेलीफिश, नावावर ॲनन्डेल. पीएच.डी.: पाच वर्षं, त्यात बराच काळ स्थानबद्ध. अध्यापन: भरपूर, पुरावा काय? संस्था: आहे, पत्ता आगरकर रोड. बेरीज काही जमेना. तक्ता फाडला, आणि माझा खरा तक्ता नेहमीसारखा अर्धवट भरून दिला.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या मे महिन्यात माहेरी गेले होते. माझं माहेर कोयनेच्या खोऱ्यात. कोयना काय, वेण्णा काय, आता दोन्ही नद्यांवर धरणं आहेत. पाणी आघारकरांच्या वेळच्यासारखं स्वतःच्या मर्जीनं वाढत-आटत नाही. तरी ओढ्याला एक डोह उरलाय. सकाळी जाऊन काठावरच्या खडकावर बसले. सोबत काचेची बरणी. वेड्यासारखं पाण्यात डोळे लावून. खवले चमकवत मासोळ्या गेल्या, निवळ्या धावल्या, बाकी काही नाही. पलीकडे एक बाई पावसाळ्याआधीच्या गोधड्या धुवायला घेऊन बसली होती. बराच वेळ तिनं बघितलं.

“काय पडलं का वो बाई पाण्यात?”

म्हटलं, “नाही. शंभर वर्षांपूर्वी एकांना हितं कुठंतरी एक जीव दिसला होता. तो बघतेय.”

“कोण? तुमच्यातलं व्हतं?”

“आघारकर म्हणून होते.”

“आगरकर?”

मी काहीच बोलले नाही. तिनं गोधडीचा पिळा काढून खडकावर टाकला, हात थांबवले आणि म्हणाली, “ऱ्हावा मग जरा. गढूळ झालंय. पाणी नितळू द्या.”